बकेटीचे कान

माहेर माझं मावळातलं, ताई, लग्न होऊन आले तवा सासर नुसतं खेडं व्हतं, आता त्याला पुनं म्हनायचं. कोथरूडला एका बाईंकडं मी शिवन शिकले, घरात मशीन टाकली. मालक कारखान्यात वेल्डर. कारखाना बंद पडला, मंग त्यांनी रस्त्याकडंला पत्र्याची शेड ठोकली. कामंच येईनात. सगळीकडं काम्प्युटरच्या कंपन्यांसाठी खड्डे खनायला पोकलेन मशिनी आलेल्या, आन् आमचे मालक लोकांच्या गेटच्या कड्या जोडत बसलेले. एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा व्हती. वर्दीचं कापडसुद्धा मालकांनी आनून ठेवलेलं, शिव म्हनून. मी आज शिवते, उद्या शिवते करत व्हते. त्यांना दंडुका घेऊन उभं बघायचं मला जिवावर आलेलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात शेजारचे शंकरनाना आले. शेत इकून जुनं पोकलेन घेतलेलं त्यांनी. त्याची माती उचलायची बकेट फाटली, म्हनून दुसऱ्याच मशिनीची जुनी बकेट भंगारातनं उचलून आनली. आता तिचे कान, म्हंजे जिथं पिना घालून ती मशिनीच्या हाताला अडकवतात ते, काही केल्या जुळंनात. मालक म्हनले, कापतो आन् नवे लावतो. मशीन कामावर, बकेट शेडमंदी. मालक तिकडं जाऊन तारेनं माप घेऊन आले, जमिनीवर खडूनं आखलं आन् कान जोडून मोकळे.

पिना गेल्या की हो बरूबर! लगेच नारळ फोडला, पेढे वाटले, अर्धा गाव जमलेला. काय सांगू तुम्हाला, एक खोरंभर माती न उचलता पेढे! मंग बकेट भरली, वर घेतली, तर तिचं तोंड वर वळंचना, सगळी माती खाली. ऑपरेटर हसला. नाना पिना काढायला लागले, त्येच मालकांना जास्त लागलं.

मालक घरी आले, जेवले नाहीत. म्हनले, शेड मोडतो, ते कापड शिवून टाक. माझं डोस्कंच फिरलं. मी म्हनलं, अहो, बाही कधी जमिनीवर जोडतात व्हय? अंगावर धरून बघावी लागती, हात वर करून, खाली करून. कान परत कापा, आधी मशिनीलाच पिनांनी लटकवा, बकेट खालनं साखळीनं धरा, तोंड पुरतं वर वळवून बघा, मंग जोडा. तर माझ्यावरच वराडले, ब्लाउज न्हाई ते, लोखंड हाय!

सकाळी तसेच गेले, आन् घटकाभरानं परत दारात. म्हनले, चल. मशिनीपाशी एवढ्या बाप्यांत मी एकटी, पदर खोचून उभी. जरा आत घ्या म्हनलं की घ्यायचे, जरा खाली म्हनलं की खाली. असं करत जोडलं. बकेट भरली, वर गेली, तोंड वर वळलं, ढेकूळ म्हनून पडलं न्हाई. मला रडूच आलं, बाई. मालकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. नानांना म्हनले, माप हिचं हाय. बास, एवढंच. घरी आल्यावर कापड दुकानात परत देऊन आले मी.

मंग लांबलांबनं मशिनीसकट बकेटी यायला लागल्या, त्यावर पोरींची लग्नं झाली. आता मालकांचे गुडघे गेलेत, तरी शेडमंदी जात्यात. शेड रस्तारुंदीत जानार म्हनतात, जाईल तवा जाईल. पन अजून कान लटकवले की हाक मारतात, अगं, येतीस का, बघ जरा. त्यांना माझ्यापेक्षा दसपट कळतं, मला ठाऊक हाय, आन् त्यांनाबी ठाऊक हाय. तरी पिठाच्या हातानं जाते, मान वाकडी करून बघते, हूं म्हनते. मी हूं म्हनेस्तोवर वेल्डिंग पेटवत न्हाईत.