बाजेवरची झोप

मी कामठीकडची. बाप बिड्या वळे, माय बिड्या वळे, आन मले बसता आलं तसं माह्या मांडीवर सूप आलं. नागपुरात दीक्षा झाली तवा आठ-नऊ वर्षांची असन, बापाचं बोट धरून आली होती, बाप म्हणे आता जुन्या रीती सुटल्या पोरी, आता माणूस माणसाच्या बरोबरीनं बसन. त्याच्याच पुढच्या साली मले ताप आला, गुडघे सुजले, कोपरं सुजले, माय म्हणे वाढीचं दुखणं आहे. वाढीचं कशाचं बाई, तोच ताप दिलात जाऊन बसला होता, पण हे मले सांगाले डॉक्टर भेटाले लय वर्षं लागले.

लग्न होऊन नागपुरात जरीपटक्याच्या मागं आली. दोन खोल्या, सात माणसं, आन बाज एकच, सासऱ्याची. तिथं सासरा बसे, तिथंच जेवे, तिथंच झोपे. आम्ही सारे खाली. माह्या उशाशी तेंदूपत्त्याचं ओलं पोतं राहे, कारण पानं सुकले का तुटतात, म्हणून रातभर ओलंच ठेवा लागते, आन पायाशी तंबाखूचा डबा. त्या कुबट वासाची मले अजून शिसारी येते. आता तुमच्यासंग बोलून राहिली तरी नाकात येते.

तिसऱ्या पोराच्या टायमाले सुरू झालं. आडवी झाली का दम भरे, जसं कोणी छातीवर बसलं. उठून बसली का बरं वाटे. मग मी पोत्याले टेकूनच झोपाले लागली, झोप कशाची, मान लटके आन जाग ये. सासू म्हणे, नाटकं पाहा हिचे, बसल्या बसल्या झोपते. शेजारच्या बाया पाहाले येत, चहा पीत, आन अमक्याची सून अशीच फुगून मेली हे माह्या तोंडावर सांगून जात. दिवा लागल्यावर येत न् उठाचं नावच घेत नसत. किळस येई मले त्या बायांची, खरं सांगते.

शेवटी नवऱ्यानं मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीन बाई लहानशीच होती, माह्यापेक्षा लहान. तिनं नळी लावली, म्हणे, दिलाची झडप आखडली आहे, म्हणून झोपलं का फुफ्फुसात पाणी भरते. दवाई देल्ली आन झोपाचं सारं सांगतलं. सपाट झोपाचं नाही, बाजेवर झोपाचं, डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन इटा ठेवाच्या. जेवण दिवा लागाच्या आत, थोडंसं, मीठ कमी. दुपारनंतर चहा नाही. तंबाखू झोपाच्या खोलीत नाही. आन हे लघवीची गोळी, हे सकाळी उठल्याबरोबर. सोपंच होतं ना बाई? त्यात कोणतं सोनं-चांदी लागत होतं?

घरी येऊन नवऱ्यानं बाजेचं सांगतलं तर सासू म्हणे, या घरात सून सासऱ्यासमोर बाजेवर टेकली नाही अजून. मी टेकली नाही, माही सासू टेकली नाही. नवरा खाली पाहे. दीक्षा घेतलेलं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आन त्याच्याच खाली हे बोलणं. मले वीट आला होता, पण मी बी गप बसली, म्हणून मले माही बी चीड येते.

आन अक्कल पाहा माही. गोळी सकाळी घेतली तर घडीघडी उठा लागे, संडास गल्लीच्या पार टोकाले, बिड्या कमी होत. म्हणून मी म्हटलं सकाळी कायले, दिवसा तर काम आहे, गोळी रातच्याले घेऊ. मग रातभर चार-पाच खेपा, लोटा घेऊन, कुत्रे मागं लागलेले. झोपीच्या पायी मी ते गोळीच सोडून देल्ली. पंधरा दिवसांत पाय असे सुजले का बोट दाबलं तर खड्डा पडे, आन एका सकाळी तोंडातून फेस आला. रिक्षात टाकून नेलं.

डॉक्टरीन बाईनं विचारलं, गोळी काहून सोडली. मी म्हटलं, बाई, बिड्या होत नव्हत्या. तिनं माह्या सुजल्या पायावर बोट दाबून पाहिलं. मग नवऱ्याले म्हणे, अजून एकडाव असं झालं तर हिले आणू नका, जागच्या जागीच मरन हे. तीन पोट्टे होते माहे, लहाना तर रांगत होता.

आठ दिवसांनी घरी आली. अंगणात गल्ली जमलेली, सासरा बाजेवर. मी रिक्षातून उतरली, डोक्यावर पदर घेतला आन सरळ जाऊन बाजेवर बसली, त्याच्या बाजूले. सासऱ्याले विंचू चावल्यावाणी झालं, उठूनच उभा झाला. सासू म्हणे, मायबाई, लाज सोडली वं हिनं. मी म्हटलं, मामाजी, मले मरता येत नाही अजून, पोट्टे लहान आहेत. आन तिथंच सगळ्यांच्या समोर आडवी झाली. त्याच दिवशी नवऱ्यानं बाज आत नेली, इटा लावल्या, पोतं आन डबा बाहेरच्या पडवीत गेला. सासरा चार महिने विहाराच्या वट्ट्यावर झोपला आन गल्लीभर सांगे का सुनेनं मले घराबाहेर काढलं. सांग म्हटलं. मी झोपली, बाई. किती वर्षांनी झोपली.

आता गोळी सकाळीच घेते, बिड्या कमी झाल्या तर झाल्या. दिवा लागल्यावर कोणी आलं तर मी उठत नाही. दिल आहे तसंच आहे, धडधड करते, चालते आहे तोवर चालन.

औंदा थोरल्या पोराचं लग्न जमलं. मी पोरीच्या बापाले म्हटलं, काही आणू नका. आन एक नवी बाज विणून घेतली, आतल्या खोलीत टाकली. सासू आता डोयानं आंधळी झाली, हातानं चाचपून पाहे, म्हणे, कोणासाठी आहे वं हे? मी म्हटलं, येणाऱ्या सुनेसाठी. म्हणे, काहून, तिले बी दिलाची बिमारी आहे का?

मी म्हटलं, नाही माय. तिले बी झोप लागते ना.