गणिताशेजारी इतिहास

...आणि मला एक सांगा, गणिताचं आणि इतिहासाचं भांडण झालं कधी? लावलं कोणी? मला दोन्ही विषय आवडतात, शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत दोन्ही शिकायचेत, एवढंच तर म्हटलं मी, पण घरात अशी शांतता पसरली, जसं काही मी राहतं घर विकायला काढलंय!

आमचे बाबा चष्मेवाले. खाली दुकान, वर आम्ही. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नंबर तपासावा तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गणित घेतेस तर सोबत फिजिक्स घे. इतिहास घेतेस तर... इतिहास कशाला घेतेस?" आई नर्स. दिवसभर वॉर्डात लोकांना धीर देऊन देऊन घरीही तोच सूर, "घाबरायचं नाही हं बाळा, विषय बदलता येतात, अजिबात दुखत नाही." आणि फोनवर आत्या! तिचा एकच प्रश्न. "गणित-इतिहास? वा, छान. पण पुढे काय?" म्हटलं, आत्या, पुढे परीक्षा. "अगं ते झालंच, पण त्याच्या पुढे?" आता मला सोळाव्या वर्षी एवढं पुढचं दिसत असतं, तर बाबांनी मलाच नसतं का दुकानाच्या काचेत जाहिरात म्हणून बसवलं? पण मी ठाम! तुम्हाला सांगते, एकदम ठाम!

शाळेत गेले, तर तिथे वेळापत्रकवाले सर. मान वर न करता म्हणाले, "हे दोन विषय एकत्र मिळत नाहीत." का सर? "दोन्हींचे तास एकाच वेळी असतात." का सर? "कारण दोन्ही कोणी घेत नाही." कोणी का घेत नाही सर? "कारण दोन्हींचे तास एकाच..." आणि सर थांबले. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असणार! मग बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले, इथलं पुसलं, तिथलं सरकवलं, खेळाचा तास उचलून भलतीकडे टाकला, आणि बसले की हो दोन्ही! जाताना म्हणाले, "हे बघ, अडलं तर कोणाला तरी विचारायचं. एकटीने कुढत बसायचं नाही." मी म्हटलं, "सर, मला अडत नाही." ऐकलंत? असं म्हटलं मी. या तोंडाने!

सहामाहीला गणितात अठरा. शंभरात हो! अठरा हा चष्म्याचा नंबर म्हणूनसुद्धा बरा दिसत नाही, बाबा अशा माणसाला सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात! गणिताच्या बाई हळूच म्हणाल्या, "विषय सोडायचा असेल तर अजून महिना आहे. सोड, कोणी काही म्हणणार नाही." कोणी काही म्हणणार नाही? बाई, तुम्ही आमच्या आत्याला ओळखत नाही!

घरी आले. आई म्हणाली, "कसं काय गणित?" म्हटलं, मस्त. मी ठाम... म्हणजे बाहेरून ठाम. आतून? न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले, नळ सोडला की आवाज बाहेर जात नाही ना. टाकी रिकामी झाली, बाहेर आई ओरडतेय, "किती अंघोळ करतेस गं, काय भिंती धुतेस का?" आणि रडायचं कशाचं, तर अठराचं नाही हो. सगळ्यांना एवढं ठणकावून सांगितल्यावर आता अडलंय म्हणून कोणाकडे जायचं? सगळे दरवाजे मीच तर आपटले होते!

आता दादाचं सांगते. माझा मोठा भाऊ. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत, याच विषयात नापास. एकदा नाही, दोनदा. मग शाळा सोडली आणि बाबांबरोबर दुकानात काचा घासायला बसला. तेव्हापासून आमच्या घरात गणित हा शब्द त्याच्यासमोर कोणी काढायचं नाही, बाबासुद्धा गल्ला मोजताना पाठ फिरवायचे! तर त्या दुपारी मी दुकानात डबा द्यायला गेले, दादा फ्रेममध्ये काच बसवत होता, वर न बघता म्हणाला, "डोळे सुजलेत. किती पडले?" आणि मी, जिने कोणाला सांगितलं नव्हतं, पटकन म्हटलं, "अठरा."

तो स्क्रू पिळत म्हणाला, "दुसऱ्यांदा माझे तेवढेच होते. चिन्ह बदलायला विसरलीस ना? कंस सोडवताना?" मी डबा खाली ठेवला. "आणि शेवटचं उदाहरण घाईत उलटं मांडलंस." अहो, हा काय माझ्या बाकावर बसला होता? "बाई तुला बरोबर कसं करायचं ते शिकवतात," तो म्हणाला, "चुकायचं कसं ते मला पाठ आहे. मी चुकतो, तू पकड."

आणि सुरू झालं! फ्रेमच्या रिकाम्या खोक्यांवर तो उदाहरणं सोडवायचा, मुद्दाम चुकीची, आणि काय रुबाबात! इतका रुबाबात चुकणारा माणूस मी पाहिला नाही. मी ओरडायचे, "थांब! चिन्ह!" समोरचं गिऱ्हाईक दचकून चष्मा काढायचं. हळूहळू मला पकडता यायला लागलं. आणि गंमत अशी, की हळूहळू त्याला मुद्दाम चुकणं जमेना. हात आपोआप बरोबर जायचा! "छे, परत बरोबर आलं," म्हणून खोकं फेकून द्यायचा.

एक दिवस मागे बाबा उभे. किती वेळ, देव जाणे. मला वाटलं, झालं, आता गणिताचं नाव निघणार! बाबांनी नुसतं खोकं उचललं, उजेडाला धरून पाहिलं, काच पाहतात तसं, आणि दादाला म्हणाले, "काउंटर मी बघतो. तुम्ही दोघं आत बसा." दादा खाली बघून म्हणाला, "बाबा... मी परत बसू का परीक्षेला?" बाबांनी चष्मा पुसला. परत पुसला. काच झिजेल इतका पुसला. म्हणाले, "बस. पण दाढी करून जा."

बाईंना जाऊन सांगितलं, विषय सोडत नाही. आता मात्र आतूनसुद्धा ठाम! अडलं की बाईंना विचारायचे, सरांना विचारायचे, इतिहासाची सनावळी आईला म्हणून दाखवायचे, तीही बिचारी रात्रपाळीहून येऊन डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच झोपेत म्हणायची, "पुढचा पेशंट."

शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला. गणितात मला एकाहत्तर! अठराचे एकाहत्तर! नाचतच खाली आले, तर दुकानात ही गर्दी. दादाला शहात्तर. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचे मार्क सांगतायत, ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला लिहून दाखवतायत, आत्या फोनवर रडतेय. म्हटलं, बाबा, माझं पण विचारा की! तर म्हणतात, "तुझं काय गं, तू करणारच होतीस."

झालं! आता दादा संध्याकाळी कॉलेजला जातो, आणि माझं कॉलेज सकाळचं, म्हणून संध्याकाळी काउंटरवर मी. कालच एक काकू आल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, म्हणाल्या, "तो हुशार मुलगा नाही का आज?"

म्हटलं, नाही काकू. त्याची बहीण आहे. चालेल का?