मधुमती, माहेर व्हर्जिनिया

शाल्मली : ते कळलं मला, बाबा. शशी म्हणजे तुम्ही, शाल्मली म्हणजे मी. पण मध्ये ही मधुमती कोण आहे?

शशी : तू कशाला ते वाचत बसलीस? कुलवृत्तांताच्या त्या पानाची प्रिंट काढून दे म्हटलं होतं फक्त.

शाल्मली : चार ओळी वाचायला मला दहा मिनटं लागली, आता ऐका. 'पत्नी मधुमती. माहेर : व्हर्जिनिया, अमेरिका, येथील जुने जमीनदार घराणे. मृत्यू २००७, लीड्स.' मार्चमध्ये लीड्सला माझी आई गेली. तुमची अजून एक बायको होती का?

शशी : तुझी आईच ती.

शाल्मली : आईचं नाव मॉरीन होतं.

शशी : कुलवृत्तांतात लग्नानंतरचं नाव घालतात. आपल्याकडे पद्धत आहे तशी. तुझ्या आजीचंही बदललं होतं.

शाल्मली : आईला विचारून?

शशी : नाही. आजीलाही कुणी विचारलं नव्हतं.

शाल्मली : आणि व्हर्जिनिया? बाबा, आई इथलीच होती, लीड्समधल्या हन्सलेटची! ग्रँडॅड बसवर कंडक्टर होते. मला फुकट तिकिटांचे रोल द्यायचे खेळायला.

शशी : जुनं आहे ते. अठ्ठ्याऐंशी साली पहिली आवृत्ती काढली तेव्हा पुण्याहून छापील फॉर्म आला. प्रत्येक सुनेचं माहेर, वडिलांचा व्यवसाय, सगळे रकाने. मी तो क्लिनिकमध्ये भरला, दोन पेशंटच्या मध्ये. मॉरीनची आजी एकदा म्हणाली होती, आमच्यातलं कुणीतरी फार पूर्वी अमेरिकेला गेलं होतं. तेवढ्यावर मी घराणं उभं केलं.

शाल्मली : पण का?

शशी : माझी आई पुण्यात सांगायची, शशीची बायको डॉक्टर आहे. आणि मॉरीन हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. म्हटलं, निदान घराणं तरी बरं दिसू दे.

शाल्मली : तुम्हाला तिची लाज वाटायची.

शशी : तेव्हा मी त्याला लाज म्हणत नव्हतो. आईचं मन राखतोय म्हणायचो.

शाल्मली : मग आता आजी पण नाही. करेक्ट करा.

शशी : गिरीशचा फोन येईल अकरा वाजता. नवी आवृत्ती तो काढतोय, उद्या छापायला जातेय. मी त्याला 'ठीक आहे' म्हणणार. शाल्मली, वीस वर्षांपूर्वीचं आहे हे. आता उलटं लिहिलं की सगळे विचारणार, मग आधी काय होतं? आणि तुझ्या आईला कुठे काय कळणार होतं? मराठी पुस्तक ते. कपाटात वरच्या फळीवर होतं कायम.

शाल्मली : आईने वाचलं होतं.

शशी : काहीतरीच. तिला अक्षर येत नव्हतं.

शाल्मली : मला संडेला मराठी क्लासला कोण न्यायचं? तुम्ही ऑन कॉल असायचे.

शशी : ती मागच्या बाकावर विणत बसायची. मी पाहिलंय.

शाल्मली : चार वर्षं बसली, बाबा. विणता विणता बोर्ड बघत होती. हे बघा. स्पेअर रूममध्ये आईचा फाइल मिळाला मला. तिच्या फॅमिली हिस्टरीचा.

शशी : ते मढी उकरायचं खातं? टाकून दे म्हणालो होतो ना.

शाल्मली : टाकणार होते. मग पहिलाच पान हे निघालं.

शशी : चष्मा दे. ... ही आपल्या पुस्तकाची झेरॉक्स आहे.

शाल्मली : प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलने इंग्लिशमध्ये लिहिलंय. म, धु, म, ती. 'जमीनदार'खाली क्वेश्चन मार्क, आणि मग 'लँडओनर'. डिक्शनरीत बघितलं असेल. आणि मागे बघा.

शशी : हे काय आहे?

शाल्मली : तेच नाव. मधुमती, मधुमती, मधुमती. पूर्ण पान. पहिले वाकडे आहेत. शेवटचे चांगले आलेत.

शशी : वर तारीख आहे. फेब्रुवारी एकोणनव्वद.

शाल्मली : ती कधी बोलली काही?

शशी : नाही. एक शब्द नाही. ... थांब. मग मी हॉलमध्ये फोनवर आईशी बोलायचो ते? तिच्यासमोरच बोलायचो. 'तिला काय कळतंय' म्हणून. पाहुणे आले की म्हणायचो, आमच्या बाईला मढी उकरायचा नाद आहे. सगळे हसायचे. तीही हसायची. चहा ओतता ओतता हसायची ती, शाल्मली!

शाल्मली : पाणी देऊ?

शशी : नको. पुढे काय आहे फाइलमध्ये?

शाल्मली : वेकफिल्डच्या रेकॉर्ड ऑफिसच्या स्लिपा. सगळ्या सॅटर्डेच्या. नव्वद, एक्याण्णव, बघा, दोन हजार चारपर्यंत. तिला पहिल्यांदा काय शोधायचं होतं माहीत आहे? इथे लिहिलंय. व्हर्जिनियामधला जमीनदार.

शशी : कोणता जमीनदार? तो तर मी...

शाल्मली : हो ना. तुम्ही बनवलेला. ती तो खरा आहे का बघत होती.

शशी : मला विचारायचं तिने.

शाल्मली : विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं.

शशी : ... वाच. तिचं इंग्रजी अक्षर मला आत्ता वाचवणार नाही.

शाल्मली : मी मराठीत सांगते, चुकलं तर चुकलं. सतराशे चौसष्ट. हॅना होलरॉइड, वय बावीस, लग्न नाही. कापड धुऊन बाहेर फ्रेमवर ताणून वाळवायचे ना इथे, तिथून तिने तीन वार कापड चोरलं. यॉर्कला केस झाली. सात वर्षांची शिक्षा. तेव्हा अमेरिका इंग्लंडचीच कॉलनी होती, तर अशा लोकांना शिपमध्ये घालून पाठवायचे आणि तिकडचे शेतकरी त्यांना विकत घ्यायचे. सात वर्षांसाठी. हॅना मेरीलँडला उतरली, लिस्टमध्ये नाव आहे. मग काही नाही.

शशी : परत आली?

शाल्मली : माहीत नाही. आईला पण नाही मिळालं. पण हॅनाचा एक मुलगा इथे राहिला. सॅम, दीड वर्षाचा. चर्चवाल्यांनी वाढवला. त्याच्या बापाचं नाव कुठेच नाही, म्हणून तो पण होलरॉइड. मग त्याचा मुलगा, त्याचा, असे सात, आणि मग ग्रँडॅड. मग आई.

शशी : म्हणजे ते आडनाव त्या बाईचं.

शाल्मली : हो. आणि शेवटी हे आहे. गेल्या वर्षीचं, पहिल्या केमोनंतरचं. 'शशीला सांगायचं राहिलं. जमीनदार नाही सापडला. सगळीकडे बघितलं. सॉरी, लव्ह.'

शशी : ती मला सॉरी म्हणाली?

शाल्मली : तसंच लिहिलंय, बाबा.

(फोन वाजतो.)

शाल्मली : गिरीशदादा असेल. मी नाही उचलणार. तुम्ही उचला.

शशी : स्पीकरवर टाक. तूही ऐक. ... हॅलो, गिरीश?

गिरीश : नमस्कार, काका! कसे आहात? थंडी काय म्हणते? तुमचं पान पाहिलंत ना? काकूंच्या मृत्यूचं साल घातलंय. फक्त 'ठीक' म्हणा, बाकी मी बघतो. पाचशे बारा पानं वाचून डोळे गेलेत माझे.

शशी : ठीक नाही. लिहून घे. पत्नी मॉरीन. माहेरचं आडनाव होलरॉइड. माहेर लीड्स. वडील बस कंडक्टर.

गिरीश : एक मिनिट, एक मिनिट. जमीनदार, काका. पहिल्या आवृत्तीत स्पष्ट आहे.

शशी : नव्हता कुणी जमीनदार.

गिरीश : अहो, असं कसं? आमच्या बाबांनी तर प्रस्तावनेत उल्लेख केलाय. 'आपल्या घराण्याचे संबंध थेट अमेरिकेतील जुन्या घराण्याशी जुळले' वगैरे.

शशी : अमेरिकेशी संबंध आहे. सतराशे चौसष्ट साली तिच्या घराण्यातली बाई तिकडे गेली. तीन वार कापड चोरलं म्हणून शिक्षा झाली तिला. तिथे विकली तिला सात वर्षांसाठी. पोरगं इथे राहिलं, त्याचा वंश हा.

गिरीश : काका, हे कुणाला सांगू नका. मी तरी छापणार नाही.

शशी : मूळ पुरुष लिहितोस ना तू प्रत्येक घराण्याचा? तिच्याकडे मूळ बाई आहे. हॅना.

गिरीश : आपल्यात सुनेच्या माहेराला दीड ओळ असते! आणि मी पुढच्या महिन्यात सत्तर लोकांसमोर प्रकाशन करतोय. कुणीतरी उठून विचारेलच, जमीनदाराचं काय झालं.

शशी : हॅनाला मोठी जागा नको. दीड ओळीत बसेल ती.

गिरीश : बरं. मग असं करू. शेवटी शुद्धिपत्र आहेच. तिथे म्हणू, पहिल्या आवृत्तीत मुद्रणदोषाने चुकीची माहिती छापली गेली. प्रेसवर ढकललं की प्रश्न मिटला. तुमचंही नाव खराब नको.

शाल्मली : मुद्रणदोष म्हणजे?

शशी : छापणाऱ्याची चूक. ... नाही, गिरीश. छापणाऱ्याने जे दिलं ते छापलं. 'माहिती देणाऱ्याने खोटी माहिती दिली होती' असं लिही. आणि खाली माझं नाव घाल.

गिरीश : काका, तुम्ही दुःखात आहात. दोन दिवस विचार करा. मी प्रेसला थांबवतो हवं तर.

शशी : वीस वर्षं झाली विचार न करता. लिही.

गिरीश : ... लिहिलं. 'खोटी' की 'चुकीची'?

शशी : खोटी.

गिरीश : बरं. मॉरीन, होलरॉइड, लीड्स. मग 'मधुमती' कंसात राहू दे ना? इकडे सगळे त्याच नावाने ओळखतात काकूंना. शोधायला सोपं पडेल.

शशी : काढ ते. त्या नावाने तिला एकदाही कुणी हाक मारली नाही, गिरीश. मीसुद्धा नाही.