हार गिळलेला व्हॉल्व्ह

(बंगळूर. कपड्यांच्या एका कारखान्याचं बॉयलरघर. आयुधपूजा आणि दसऱ्याची सुट्टी संपलेली सकाळ.)

शिवलीला : ओढू नकोस रे तनय! दोरा तुटला तर अर्धा आतच राहील.

तनय : मॅडम, ऑलरेडी अर्धा आत आहे. झेंडू, शेवंती, हळद, कुंकू आणि हे काय... लिंबू? व्हॉल्व्हने अख्खं लिंबू खाल्लंय!

शिवलीला : पचवलं नाही ना अजून? मग चाक उलटं फिरव. हार जसा आत गेला तसाच बाहेर येईल. घाई नको. स्वल्प, स्वल्प.

तनय : फिरतंय, पण कुरकुरत. पुण्यात मला कोणी सांगितलं असतं की बंगळुरात जाऊन तू स्टीम लाईनवरचे झेंडू वेचशील, तर...

शिवलीला : आलाच नसतास?

तनय : येताना चिमटा आणला असता.

शिवलीला : तोंडाबरोबर हातबी चालव की. व्हॉल्व्ह मध्येच अडकलाय. आतलं गेट बघ कसं खडखडायलंय. गेट व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. अर्धा सोडला की वाफ त्या गेटची कड खाते आणि मग तो कधीच घट्ट बसत नाही.

तनय : माहितीये मॅडम. वाफ कमीजास्त करायची असेल तर ग्लोब व्हॉल्व्ह. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न होता. झेंडूचा मात्र सिलॅबसमध्ये नव्हता. म्हणून तर म्हणतोय, देवनहळ्ळीच्या नव्या शेडसाठी दांडा वर न येणारे व्हॉल्व्ह घेऊ.

शिवलीला : नुसतं चाक फिरतं, दांडा जागचा हलत नाही, ते?

तनय : तेच! आटे सगळे आत. बाहेरून हार घाला, साडी नेसवा, काही अडकणार नाही. शिवाय तिथे छताखाली जागा कमी आहे, त्यात मस्त बसतील. दुपारी ऑर्डर पाठवायचीय, तुम्ही फक्त हो म्हणा.

शिवलीला : आटे आत म्हणजे वाफेतच की. टिकतील किती?

तनय : कमी टिकतील, मान्य. पण निदान दर दसऱ्याला हे ऑपरेशन करावं लागणार नाही.

शिवलीला : दर दसऱ्याला कुठं? आजवर हार खालच्या पाईपला असायचा. यंदाच कसा डोक्यावर चढला कोण जाणे... ही बघ, हार घालणारी आलीच. पद्मक्का, या, बघा तुमची पूजा!

पद्मावती : अय्यो, माझा हार! काय केलंस रे तम्मा?

तनय : मी? अक्का, तुम्हीच दांड्याला गुंडाळलात ना? व्हॉल्व्ह उघडा असला की दांडा वर येतो. आज तुमच्या कँटीनमधली वाफेवरची भाताची डेग धुवायची म्हणून मी बंद करायला घेतला, तर दांडा खाली जाताना हारही घेऊन गेला.

पद्मावती : मग वर आला होता म्हणून तर तिथं घातला. देवाला हार पायात घालतात का कोण? गळ्यातच घालायचा.

शिवलीला : हं, आता दे उत्तर.

तनय : बरं, पण एवढा लांब? बॉयलरला टीचभर माळ, जनरेटरला दोन फुलं आणि ह्या एका व्हॉल्व्हला लग्नातला हार!

पद्मावती : बॉयलर माझा कोण लागतो? हा माझा आहे. हे मनगट बघ.

तनय : भाजलंय? कधी?

पद्मावती : तू यायच्या आधी. इथं दुसरा व्हॉल्व्ह होता, मुका. उघडा आहे की बंद आहे, बघून काय कळायचंच नाही. कोणीतरी ओरडून सांगितलं, बंद केला म्हणून. मी धुवायला डेगीचा पाईप सोडला. बंद नव्हता.

शिवलीला : चाक जड लागलं, तेव्हा फिरवणाऱ्याला वाटलं, बसला घट्ट.

पद्मावती : मग ह्या मेडम वर जाऊन भांडल्या आणि हा आणवला. आता मी कँटीनच्या खिडकीतूनच बघते. दांडा वर, तर वाफ चालू, डेगीजवळ कोणी जायचं नाही. दांडा खाली, तर माझ्या पोरी धुवायला घेतात. कोणाला कन्नड येत नाही, कोणाला हिंदी येत नाही, पण दांडा सगळ्यांना कळतो.

तनय : मॅडम, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?

शिवलीला : आता सांगणारच होते. मी हो म्हटलंय का अजून?

पद्मावती : कशाला हो?

तनय : अक्का, नव्या शेडसाठी मी वेगळे व्हॉल्व्ह घेत होतो. दांडा न दिसणारे.

पद्मावती : मुके?

तनय : ...हो.

पद्मावती : तिथलं कँटीन माझी रम्या बघणार आहे, ठाऊक आहे ना? पोटची पोर आहे माझी. बेडा रे तम्मा, नको. पुढच्या वर्षी मी हार घालत नाही, हात लावत नाही, लांबूनच नमस्कार करते. पण दांडा राहू दे.

तनय : अहो अक्का, असं नका बोलू. हार घाला ना! आपण दांड्यावर पारदर्शक नळी बसवू, टोपीसारखी. आतला दांडा वर-खाली होताना दिसेल, आट्यांत काही जाणार नाही. हार नळीला घाला. गळ्यातच!

पद्मावती : सरी, चालेल. आणि लिंबू?

तनय : लिंबू प्लीज बॉयलरला द्या.

शिवलीला : निघाला बघ दोरा, सगळाच्या सगळा! आटे पुसून घे. हं, आता फिरव. पूर्ण.

तनय : बसला. खडखड थांबली. बघा अक्का, दांडा खाली.

पद्मावती : इथून बघितलेलं मला चालत नाही. खिडकीतून बघून येते.

तनय : गेल्या पण! मॅडम, हाताच्या अंतरावर दिसत होतं की त्यांना.

शिवलीला : मनगट तिचं आहे. बघू दे.

पद्मावती : मेडम! दिसतंय इथून! खाली आहे!

शिवलीला : उरलेली वाफ आधी जाऊ दे म्हणावं पोरींना! मग धुवा! ...हं, आता तुझं बोल. छताखाली जागा नाही म्हणत होतास.

तनय : पाईप खाली घेतो. ड्रॉइंग माझंच आहे, बदलेन. मॅडम, एक सांगा.

शिवलीला : काय?

तनय : नव्या शेडच्या कँटीनची खिडकी कुठल्या बाजूला आहे?