तुमच्या बाजूला, माझ्या बाजूला

...आणि वर मला विचारते कशी, "काका, किती इंचाचं दाखवू?" इंचाचं! अहो, मी रस्ता सांगणारं यंत्र घ्यायला आलोय, खिडकीचा पडदा शिवायला नाही! पण तुम्हाला सांगतो, दुकानातल्या त्या बाईंचीही चूक नाही. डोक्यावर चष्मा, हातात चष्मा पुसायचं फडकं, समोर काचेच्या कपाटात अठरा यंत्रं, आणि अठराही यंत्रांत तेच ते, गाडीच्या काचेला चिकटवायचं आणि ते बोलणार. एकात हवामान, एकात गाणी, एकात जवळचं पोहण्याचं तळं! म्हटलं, बाई, मी पोहत नाही, मला गाता येत नाही, हवा मला खिडकीतून कळते, मला एवढंच हवंय, वळायचं कुठे ते सांगा!

आता तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाला? घाई रविवारची! रविवारी लेकीच्या नव्या घरी जेवायला जायचं, अडीच तासांचा रस्ता, आणि त्याआधी गाडीत यंत्र बसलं नाही तर आमची ही बसने जाणार. एकटी! मी गाडीने, ही बसने. लेकीच्या दारात आम्ही दोघं दोन दिशांनी उतरणार, आणि जावई कोणाची पिशवी आधी धरणार, सांगा!

तर झालं काय, मी शिलाई मशिन दुरुस्त करणारा माणूस. पन्नास वर्षांपूर्वीचं मशिन आणा, डोळे मिटून खोलतो, एकेक स्क्रू लक्षात. पण रस्ता? नाव काढू नका! लक्षातच राहत नाही हो. त्यामुळे सुटे भाग आणायला जायचं असो की कोणाच्या लग्नाला, ही शेजारच्या सीटवर, मांडीवर नकाशा, आणि सांगत जायची. एकतीस वर्षं! गेल्या महिन्यात एक फाटा हुकला. माझाच हुकला, पण तोंडातून गेलं, "तू वेळेवर सांगितलं नाहीस." झालं! नकाशाची घडी घातली, नीट, चार घड्या, समोरच्या कप्प्यात ठेवली, कप्पा लावला, आणि म्हणाली, "एकतीस वर्षं मी या खिडकीतून बाहेर पाहिलेलं नाही. कागद पाहिला, फाटा पाहिला, पाटी पाहिली. आता यंत्र आणा. नाहीतर मी बसने जात जाईन. तिथे ड्रायव्हरला रस्ता माहीत असतो."

अहो, भांडली असती तर मी ऐकलं नसतं. शांतपणे म्हणाली, म्हणून धस्स झालं.

हां, फोन! आलं का तुमच्या तोंडावर? सगळे तेच म्हणतात, फोनमध्ये फुकट असतं! माझा फोन बटणांचा. हिच्या फोनात आहे सगळं, पण हिची बहीण ऐन चौकात फोन करते, नकाशा गायब, आणि भाजी कशी झाली ते मला ऐकावं लागतं. ते नको म्हटलं.

आमच्या मेहुण्याला विचारलं, ती दुसरी चूक. त्याच्या गाडीत टीव्हीएवढं यंत्र. तो बोलतो कसा, "दाजी, स्वस्तातलं घेऊ नका हां! पस्तावाल! माझ्यात बघा, सतरा भाषा आहेत!" अरे, पण तू बोलतोस एक, तीही धड नाही, उरलेल्या सोळांचं काय लोणचं घालायचंय? "दाजी, यात डोंगर डोंगरासारखे दिसतात!" बाहेरही तसेच दिसतात रे! मला एवढंच हवंय, वळायचं कुठे ते सांगा! आणि त्याची किंमत ऐकली तर... जाऊ द्या. तेवढ्यात दुसरी गाडी आली असती, फक्त तीही मी चुकीच्या रस्त्यानेच नेली असती.

तर मी दुकानात. बाईंना म्हटलं, परवडेल असं, आणि माझ्या बोटांना जमेल असं. ही बोटं बघा, तेल आणि ग्रीस. पडद्यावर एका अक्षराला हात लावावा तर शेजारची दोन धावून येतात. लेकीच्या गावाचं नाव घालायला गेलो, तर यंत्र मला समुद्रापलीकडे न्यायला तयार! बाई चांगल्या हो पण. म्हणाल्या, "काका, हे मधलं घ्या, चालवूनच बघू या." दुकान सहकाऱ्याच्या हवाली केलं, माझ्या गाडीत येऊन बसल्या, यंत्र काचेला चिकटवलं, आणि निघालो.

पहिल्याच चौकात यंत्र म्हणतं, "डावीकडे वळा."

आणि माझे हात जागेवरच!

अहो, हसू नका. लग्न झालं तेव्हा ही म्हणायची डावीकडे आणि हात दाखवायची उजवीकडे. लहानपणापासूनची सवय. एकदा तिच्या तोंडाचं ऐकलं, तर गाडी थेट लाकडाच्या वखारीत. तेव्हा आम्ही ठरवलं, डावं नाही, उजवं नाही, फक्त "तुमच्या बाजूला" आणि "माझ्या बाजूला". कधी चुकलं नाही बघा! पण त्याला झाली एकतीस वर्षं, आणि गाडी चालवताना डावं-उजवं माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं, आणि ते मला त्या चौकात, त्या क्षणी कळलं. लिहितो तो हात उजवा, हे समजतं हो, पण स्टिअरिंगवर दोन्ही हात असतात, आणि दोघांपैकी एकही लिहीत नसतो! मी आपला मधल्या कारंज्याभोवती गोल. यंत्र म्हणतंय, "डावीकडे वळा." दुसरी फेरी. "डावीकडे वळा." तिसऱ्या फेरीला मी बाईंना घाबरत घाबरत विचारलं, "डावीकडे म्हणजे... तुमच्या बाजूला का हो?"

बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "काका, तुम्ही गाडी बाजूला घ्या." मी म्हटलं, "कोणाच्या?"

मग सगळं सांगितलं त्यांना. वखार, नकाशा, बस, सगळं. हसल्या नाहीत. दुकानात परत आलो, त्यांनी कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवरून एक लहानसं, काळं, स्वस्तातलं यंत्र काढलं, त्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "यात आपला आवाज भरता येतो. पंधरा वाक्यं आहेत. कोणी वापरत नाही, म्हणून पडून आहे. काकूंना बोलायला लावा." अहो, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं! मेहुण्याच्या सतरा भाषांत ही एक भाषा नव्हती बघा.

पण थांबा, खरं काम पुढेच. ही स्वयंपाकघरात, ओट्यावर यंत्र, मी शेजारी. बटण दाबलं, आणि हिचा आवाज असा काही बदलला, काय सांगू! "कृपया... पुढील वळणावर... आपल्या बाजूस वळावे..." अगं, ही कोण बाई? या बाईला मी ओळखत नाही, हिने सांगितलेलं मी कशाला ऐकेन? पुन्हा केलं, तेच. सहा वेळा! शेवटी म्हटलं आता एकच इलाज. बटण दाबलं आणि सहज बोलल्यासारखं म्हणालो, "तुझ्या भावाला गाडीतलं जास्त कळतं, असं मला कधी वाटलं नाही."

जे काय भरलं गेलं ना! "तुमच्या बाजूला! अहो, तुमच्या!" अस्सल! लगेच दुसरं बटण. "माझ्या बाजूला म्हणतेय ना मी!" वळण हुकल्यावर बोलायचं ते वाक्य, "गेलात ना पुढे? फिरा आता मागे!" पंधराच्या पंधरा वाक्यं एका दमात झाली. दोन तास बोलत नव्हती माझ्याशी. पण माल भरला गेला होता.

रविवार. सकाळी साडेनऊ. ही आली, शेजारी बसली, मांडीवर काही नाही. हात कुठे ठेवावेत कळेना बिचारीला, पर्स मांडीवर घेतली, परत खाली ठेवली. यंत्र म्हणालं, "तुमच्या बाजूला! अहो, तुमच्या!" आणि माझे हात आपोआप वळले हो! विचारही करावा लागला नाही. मला एवढंच हवं होतं, वळायचं कुठे ते सांगा, आणि ते सांगत होतं, तिच्याच आवाजात, आणि ती स्वतः खिडकीला नाक लावून बसली होती.

तासाभराने एकदम ओरडली, "अहो, थांबा! इथे तळं आहे!" मी म्हटलं, "आहे की." "कधी झालं?" "अगं, तळं काय काल झालंय? पहिल्यापासून आहे." सुटे भाग आणायला वर्षातून चार वेळा आम्ही त्याच रस्त्याने जातो. ती हळूच म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीत."

खरं सांगतो तुम्हाला, मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मला वाटायचं, दिसतंच की सगळ्यांना! ती माझ्यासाठी पाट्या वाचत होती आणि मी आपला एकटाच तळं बघत होतो, एकतीस वर्षं.

गाडी थांबवली. उतरलो. पाण्यात पाय घालून बसली. यंत्र गाडीतून ओरडतंय, "गेलात ना पुढे? फिरा आता मागे!" आणि ही काठावरून स्वतःच्याच आवाजाला दम देते, "गप बस गं, मेले!" मग पुढे एक टेकडी लागली, तीही तिने पाहिली नव्हती. मग सूर्यफुलांचं शेत. मग एक पवनचक्की, तिची पाती तिने मोजली, दोनदा, कारण फिरत होती. मग पुलावर उभं राहून खालची आगगाडी बघितली. आगगाडी येईपर्यंत थांबून! मी घड्याळ बघत होतो आणि एक शब्द बोललो नाही, आणि तुम्हाला सांगतो, मलाही त्या पवनचक्कीत मजा वाटायला लागली होती.

बाराला जेवायला पोचायचं, ते पोचलो पावणेचारला. यंत्र म्हणालं, "आलं एकदाचं!" लेक दारातच. डोळ्यांत पाणी, हातात फोन (आमचे दोन्ही फोन घरीच, ओट्यावर!), जावई बस स्टँडवर जाऊन आलेला. "बाबा! किती काळजी करायची आम्ही? रस्ता चुकलात ना?"

मी हिच्याकडे पाहिलं. हिच्या साडीला गवताची कुसळं, पायाला चिखल, आणि चेहरा... असा चेहरा मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत होतो. तिने मला डोळ्यांनी खूण केली, तळ्याचं सांगू नका.

आता बघा, एकतीस वर्षांत मी शंभरदा रस्ता चुकलो असेन, आणि एकदाही कबूल केलं नाही. रस्ता बदललाय म्हणायचो, पाटी काढलीय म्हणायचो. आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, एक वळण चुकलं नाही हो, एकसुद्धा! आणि मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हो बाळ. चुकलो."