जनावर चावला

"तेर्स म्हणताना कान देवाकडे ठेव गो, शेजारणीकडे नको," असं बर्नादेतची आई तिला सांगायची. पण कुडाळ स्टेशनच्या बाकावर शेजारची दोघं दबक्या आवाजात भांडत होती, आणि हातातल्या जपमाळेचा मणी पुढे सरकेना.

"सिया, उद्या मुंबईत मुलाखत. रेबीजवरच्या त्या शोधनिबंधावर तू प्राध्यापक होणार. दोनशे संशोधकांनी त्याचा संदर्भ दिलाय!"

"दोनशे जणांनी माझी चूक पुढे नेलीय, सर."

"कसली चूक?"

"पाहणीत आंबोलीच्या बायकांनी सांगितलं, 'जनावर चावला.' आपल्या पुण्याच्या मुलांनी लिहिलं, प्राण्याचा चावा, आणि ते मृत्यू रेबीजमध्ये धरले."

"मग बरोबरच आहे की."

"आमच्याकडे जनावर म्हणजे साप."

"अगं, तू तर इथलीच! तुला कळलं नाही?"

"मी नुसते आकडे बघितले. परवा आंबोलीच्या पार्वतीकाकीला निबंध वाचून दाखवला; तिचा नवराही त्यात मोजलेला. ती म्हणाली, 'गो बाय, माज्या घोवाक कुत्रो खंय चावलो? जनावर चावला, म्हणान तर तो गेलो.'"

"आधी पद मिळू दे. दुरुस्ती मग छापू."

"त्याच आकड्यांवर उभी राहून उद्या बोलू?"

"सगळेच बोलतात. चल, गाडी आली."

"तुम्ही जा, सर. घरोघर फिरून परत विचारीन, असा काकीला शब्द दिलाय."

"आणि मुलाखत?"

"माका नाय जमाचा, सर."

गाडी थांबली, सर चढले. सियाने पिशवी खांद्याला लावली आणि आंबोलीची एसटी कुठून सुटते, ते हमालाला हळूच विचारून ती चालू लागली.