शुक्रवारच्या आत हवा!

…नाही नाही, तुम्हीच सांगा, मी काय चंद्र मागितला होता? एक माणूस! फक्त एक माणूस हवा होता मला! स्पॅनिश ऐकून थेट स्लोव्हेनियन बोलणारा, कोर्टात चालेल असा. एवढ्या मोठ्या अमेरिकेत नसावा?

कशाला हवा, म्हणाल. तर मी ज्ञानदा, लॉ स्कूलला आहे, आणि इथे मॉरिसव्हिलजवळ गरिबांना फुकट कायदेसल्ला देणाऱ्या एका केंद्रात काम करते. तिथे रोझा आली. ती होंडुरासची, नवरा स्लोव्हेनियाचा. तो अपघातात गेला, सासू आली, दोन वर्षांच्या नातीला "थोडे दिवस नेते" म्हणून तिकडे घेऊन गेली, आणि आता दोन वर्षं झाली तरी देतच नाही! तुमचं रक्त उसळतं की नाही? शुक्रवारी तिथल्या कोर्टात ऑनलाइन सुनावणी. दुभाषी नसेल तर तारीख थेट पुढच्या वर्षी. मधे इंग्रजी घालू का? तर कोर्ट म्हणतं, नको, दोनदा गाळून काय उरणार?

एजन्सीला फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात, "स्लोव्हाक आहे, चालेल का? जवळच आहे." अहो बाई, मी पुणे मागतेय, तुम्ही पाटणा देताय! एक माणूस… फक्त एक!

शेवटी वैतागून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: "शुक्रवारच्या आत हवा. स्पॅनिश, स्लोव्हेनियन अस्खलित. अनुभवी, शांत स्वभावाचा. कुणाच्या पाहण्यात?" आणि सुरू झाले हो फोन! सुलभाकाकू, "अगं, परदेशी तर परदेशी, पण एकदम दोन देशांचा कशाला? आणि शुक्रवारच्या आत? एवढी घाई… काही आहे का?" काय असणार, काकू! तेवढ्यात सांगलीहून आई, रडत, "बाबांना तूच सांग, मी नाही सांगणार." अगं आई, दुभाषी हवाय! "कळलं गं, भाषा येतात त्याला. पण करतो काय?"

मग पुरुषोत्तमकाका, अगदी हळू आवाजात. "हे बघ, क्लीव्हलंडला माझा एक मित्र आहे. जन्म अर्जेंटिनाचा, आईबाप स्लोव्हेनियन. कोर्टातच दुभाषी होता. विधुर आहे. फक्त… बहात्तरचा आहे गं."

"चालेल!" मी किंचाळले. "आजच बोलणं करून द्या!"

मग काका म्हणाले, "आधी खाली बस. पाणी पी."

पण आजोबांनी काय काम केलं, तुम्हाला सांगते! रोझा अडखळली तिथे अडखळले, सासू कडाडली तिथे कडाडले, पदरचा एक शब्द घातला नाही. न्यायाधीशबाई म्हणाल्या, मुलगी आईची. जिंकलो!

काल एअरपोर्टवर गेलो. छोटी लूना, आता चार वर्षांची, धावत आली, आईच्या गळ्यात पडली, आणि घडाघडा बोलायलाच लागली… स्लोव्हेनियनमध्ये! स्पॅनिश पार विसरलेली! रोझाने तिला घट्ट धरलं, भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय म्हणतेय ती?"

…आता बोला!